रेचल कार्सन: फवारणीनंतर मागे काय उरतं, हे जगाला समजावून सांगणारी शास्त्रज्ञ



आजचा विषय नेहमीपेक्षा वेगळा आहे. गॅजेट आणि ॲप बाजूला ठेवून आज मी तुम्हाला एका बाईंची गोष्ट सांगणार आहे. त्या गेल्या त्याला साठ वर्षं उलटून गेली. मी त्यांच्यापर्यंत पोचलो ते माझ्याच एका लेखामुळे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

मागच्या खरिपात मी फवारणी ड्रोनवर लेख लिहिला होता. दहा लिटरची टाकी, बॅटरी किती मिनिटं टिकते, एक एकर किती वेळात होतं, अनुदान कसं मिळतं, सगळं होतं त्यात. लेख चांगला चालला. माझे वडील कापूस पिकवतात. त्यांनीही मोबाईलवर वाचला आणि रात्री फोन केला. लेख आवडला म्हणाले. मग विचारलं, की ड्रोन उडून गेल्यावर खाली जे पडतं त्याचं पुढे काय होतं, ते का नाही लिहिलंस?

माझ्याकडे उत्तर नव्हतं. वडिलांनी तीस वर्षं पाठीवर पंप घेऊन, तोंडाला दुपट्टा गुंडाळून फवारणी केली आहे. आमच्याकडे कीटकनाशकाला कीटकनाशक कुणी म्हणत नाही, औषध म्हणतात. औषध मारायला गेलेत, औषध आणायला गेलेत. औषधाचा रिकामा डबा धुऊन त्यात रॉकेल ठेवलेलं मी लहानपणी घरात पाहिलं आहे. असं असून मी अख्खा लेख यंत्रावर लिहिला आणि टाकीत काय भरतात त्यावर एक ओळही लिहिली नाही.

उत्तर शोधायला बसलो तर प्रत्येक रस्ता एकाच नावाशी येऊन थांबत होता. रेचल कार्सन.

नदीकाठची मुलगी, समुद्राचं वेड

रेचलचा जन्म २७ मे १९०७ चा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात स्प्रिंगडेल गावचा. घरची छोटी शेती होती आणि जवळून ॲलेगेनी नदी वाहायची. पैसा बेताचाच. आई मरायाला निसर्गाची आणि पुस्तकांची आवड. ती मुलीला घेऊन रानात फिरायची, पक्षी दाखवायची. रेचल लिहायला लवकर लागली. लहान मुलांच्या एका मासिकात तिची पहिली गोष्ट छापून आली तेव्हा ती जेमतेम अकरा वर्षांची होती.

लेखिका व्हायचं ठरवून ती इंग्रजी साहित्य शिकायला कॉलेजात गेली. तिथे मेरी स्किंकर नावाच्या प्राध्यापिका जीवशास्त्र शिकवायच्या. त्यांच्या तासांनी तिचं डोकंच फिरवलं आणि तिने विषय बदलला. त्या काळी मुलीने विज्ञान घेणं म्हणजे पुढे नोकरीची खात्री नसणं. लिहिणंही सुटलं असं तिला वाटलं. दोन्ही गोष्टी एकत्र करता येतील हे तिच्या लक्षात यायला अजून काही वर्षं होती.

१९२९ मध्ये पदवी मिळाली आणि त्याच उन्हाळ्यात ती वुड्स होल इथल्या सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळेत गेली. समुद्र तिने पहिल्यांदा पाहिला तो तेव्हा, बावीसाव्या वर्षी. पुढे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून १९३२ मध्ये प्राणिशास्त्राची मास्टर्स पदवी घेतली. पीएचडी करायची होती, पण महामंदीचे दिवस होते. पैसे संपले आणि १९३४ मध्ये शिक्षण सोडावं लागलं. पुढच्याच वर्षी वडील वारले. आता घर चालवायचं तिच्यावर आलं.

सात मिनिटांचे ५२ भाग

इथून मी त्यांना त्या म्हणतो, कारण इथून त्या कमावत्या झाल्या.

सरकारच्या मत्स्य विभागाला रेडिओवर माशांची माहिती देणारा कार्यक्रम करायचा होता. शास्त्रज्ञांनी लिहिलेलं कुणी ऐकत नव्हतं, आणि रेडिओच्या लेखकांना मासे कळत नव्हते. कार्सन यांना दोन्ही जमत होतं. सात-सात मिनिटांचे ५२ भाग त्यांनी लिहिले. आजच्या भाषेत सांगायचं तर छोट्या व्हिडिओंची मालिकाच. कार्यक्रम लोकांना आवडला.

मग साहेबांनी त्यांना एका सरकारी माहितीपत्रकाची प्रस्तावना लिहायला सांगितली. वाचून साहेब म्हणाले, की हे सरकारी पत्रकात चालणार नाही, फारच चांगलं झालंय, मोठ्या मासिकाला पाठवा. तो लेख १९३७ मध्ये 'अटलांटिक' मासिकात छापून आला. त्याआधी १९३६ मध्ये त्या स्पर्धा परीक्षा देऊन त्याच खात्यात कायम झाल्या होत्या. तिथे पूर्णवेळ शास्त्रीय पदावर घेतलेल्या त्या फक्त दुसऱ्या बाई. दिवसा ऑफिस, रात्री लेखन, घरी आई, आणि बहीण वारल्यावर तिच्या दोन मुलीही.

पहिलं पुस्तक नोव्हेंबर १९४१ मध्ये आलं. महिनाभरात पर्ल हार्बरवर हल्ला झाला, देश युद्धात उतरला आणि पुस्तक पडून राहिलं. दोन हजार प्रतीही खपल्या नाहीत. दुसरं पुस्तक, 'द सी अराउंड अस', दहा वर्षांनी १९५१ मध्ये आलं आणि ८६ आठवडे न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत राहिलं. समुद्र कसा बनला, लाटा कशा चालतात, तळाशी काय आहे, हे साध्या वाचकाला समजेल असं त्यात होतं. १९५२ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. आता त्या पूर्णवेळ लेखिका होत्या. पैसा होता, नाव होतं, मेन राज्यात समुद्राकाठी छोटं घर बांधलं होतं. इथेच थांबल्या असत्या तरी चाललं असतं.

डीडीटी म्हणजे काय होतं?

पुढची गोष्ट कळायला डीडीटी समजून घेऊया.

हे रसायन पहिल्यांदा १८७४ मध्ये तयार झालं, पण त्याने कीटक मरतात हे १९३९ मध्ये पॉल म्युलर या स्विस शास्त्रज्ञाने शोधलं. त्यासाठी त्यांना १९४८ चं नोबेल मिळालं. किड्याच्या मज्जातंतूत सिग्नल जातो तेव्हा एक दार उघडतं आणि लगेच बंद होतं. डीडीटी ते दार बंदच होऊ देत नाही. सिग्नल जातच राहतो, किडा झटके येऊन मरतो.

दुसऱ्या महायुद्धात उवांमुळे पसरणारा टायफस तापाचा आजार डीडीटीने आटोक्यात आणला. नेपल्स शहरात लाखो लोकांच्या अंगावर त्याची पावडर मारली गेली. मलेरियाचे डास मेले. स्वस्त होतं, एकदा मारलं की महिनोन्महिने टिकायचं. लोकांना वाटलं, जादू सापडली. युद्ध संपल्यावर ते शेतात, बागेत, रस्त्यावरच्या झाडांवर, विमानातून जंगलांवर पडायला लागलं.

कार्सन यांनी १९४५ मध्येच एका मोठ्या मासिकाला डीडीटीवर लेख सुचवला होता. मासिकाने नको म्हटलं. विषय तेरा वर्षं तसाच राहिला.

जानेवारी १९५८ मध्ये एका ओळखीच्या बाईंचं पत्र आलं. त्यांच्या घराजवळ डास मारायला विमानाने फवारणी झाली होती आणि अंगणातले पक्षी मरून पडले होते. कार्सन यांनी आधी हा विषय दुसऱ्या कुणीतरी लिहावा म्हणून प्रयत्न केला. कुणी पुढे आलं नाही. मग त्यांनी स्वतःच घेतला.

चिलटं, मासे आणि पक्षी

त्यांनी जमवलेल्या उदाहरणांतलं एक मला सगळ्यात जास्त पटलं, कारण त्यात माझ्या वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

कॅलिफोर्नियात क्लिअर लेक नावाचा तलाव आहे. तिथे चिलटं फार. चावत नव्हती, नुसता त्रास द्यायची. १९४९ मध्ये तलावात डीडीडी टाकलं गेलं. हे डीडीटीचंच भावंड. प्रमाण अगदी कमी ठेवलं होतं. पुढे चिलटं परत आली म्हणून १९५४ आणि १९५७ मध्ये पुन्हा टाकलं. तरीही पाच कोटी भाग पाण्यात एक भाग, एवढंच. मग टिबुकलीच्या जातकुळीतले ग्रीब नावाचे पाणपक्षी मरायला लागले. रोग सापडेना. शेवटी त्यांची चरबी तपासली. आकडे असे निघाले (दर दहा लाख भागांत किती भाग):

पाण्यात: ०.०२
पाण्यातल्या सूक्ष्म जीवांत: सुमारे ५
वनस्पती खाणाऱ्या माशांत: ४० ते ३००
मासे खाणाऱ्या एका माशात: २५००
ग्रीब पक्ष्यांच्या चरबीत: १६००

पाणी आणि पक्षी यांत ८० हजार पटींचा फरक!

हे होतं कसं? डीडीटीसारखी रसायनं पाण्यात विरघळत नाहीत, चरबीत विरघळतात. शरीर त्यांना लघवीवाटे सहज बाहेर टाकू शकत नाही. सूक्ष्म जीवाने थोडं घेतलं, ते त्याच्यातच राहिलं. माशाने असे हजारो जीव खाल्ले, सगळ्यांचं मिळून त्याच्यात साठलं. पक्ष्याने असे कित्येक मासे खाल्ले. वर जाल तसा साठा वाढत जातो. साखळीच्या टोकाला जो बसलाय त्याला सगळ्यात जास्त. माणूसही टोकालाच बसलाय.

मिशिगनमध्येही असंच झालं. एल्म झाडांवर फवारणी झाली, पानं गळून मातीत गेली, ती गांडुळांनी खाल्ली, गांडुळं रॉबिन पक्ष्यांनी खाल्ली आणि पक्षी मेले. ज्यांनी झाडावर औषध मारलं त्यांनी पक्ष्यांवर मारलंच नव्हतं.

हे शोध कार्सन यांचे नव्हते. ते ठिकठिकाणच्या शास्त्रज्ञांनी लावले होते आणि अहवालांत पडून होते. पक्षी तपासणाऱ्याला माशांचं माहीत नव्हतं, डॉक्टरला मातीचं माहीत नव्हतं. कार्सन यांनी शेकडो लेख वाचले, शास्त्रज्ञांना पत्रं लिहिली आणि तुकडे जोडून अख्खं चित्र लोकांसमोर ठेवलं. पुस्तकाच्या शेवटी ५५ पानांची संदर्भांची यादी दिली, म्हणजे कुणालाही तपासून बघता यावं.

लिहिताना काय चाललं होतं

पुस्तकाला चार वर्षं लागली. त्या चार वर्षांचा हिशेब वाचून मी थोडा वेळ फोन बाजूला ठेवला होता.

१९५७ मध्ये त्यांची भाची वारली. तिचा पाच वर्षांचा मुलगा रॉजर पोरका झाला, त्याला त्यांनी दत्तक घेतलं. तेव्हा त्या पन्नाशीच्या होत्या. १९५८ च्या डिसेंबरमध्ये आई गेली. १९६० मध्ये स्तनाचं ऑपरेशन झालं. गाठ कर्करोगाची आहे हे डॉक्टरांनी त्यांना सांगितलंच नाही. वर्षाच्या शेवटी दुसऱ्या ठिकाणी तपासणी केल्यावर खरं कळलं, तोवर तो पसरला होता. मग किरणोपचार. एकदा डोळ्यांना अशी सूज आली की कित्येक आठवडे वाचता येईना. मदतनीस मजकूर वाचून दाखवायची आणि त्या ऐकून दुरुस्त्या सांगायच्या.

हा आजार त्यांनी जगापासून लपवला. पुस्तकात रसायनं आणि कर्करोग यांवर प्रकरण होतं. लेखिकेलाच कर्करोग आहे हे बाहेर आलं असतं, तर कंपन्या म्हणाल्या असत्या की ही बाई स्वतःच्या दुखण्याचा राग काढतेय. पुरावा बाजूला पडला असता. म्हणून त्या गप्प राहिल्या.

पुस्तक आलं आणि वादळ उठलं

'सायलेंट स्प्रिंग' जून १९६२ पासून 'न्यूयॉर्कर' मासिकात तीन भागांत आलं आणि २७ सप्टेंबर १९६२ ला पुस्तक म्हणून. नावाचा अर्थ मुका वसंत, म्हणजे पक्ष्यांचा आवाज नसलेला वसंत.

पुस्तक बाजारात यायच्या आधीच एका रसायन कंपनीने प्रकाशकाला कोर्टाची भीती घातली. दुसऱ्या कंपनीने पुस्तकाची टर उडवणारा मजकूर छापून वाटला. कीटकनाशकं नसतील तर जग उपासमारीने मरेल असा त्याचा सूर. पीएचडी नाही, कसली शास्त्रज्ञ, असंही झालं. लग्न केलेलं नाही, भावनेच्या भरात लिहिणारी बाई आहे, असंही झालं. आज ज्याला आपण ट्रोलिंग म्हणतो ते सगळं.

राष्ट्राध्यक्ष केनेडी यांना ऑगस्टमध्ये पत्रकारांनी याबद्दल विचारलं. त्यांनी विज्ञान सल्लागार समितीला तपास करायला लावला. एप्रिल १९६३ मध्ये सीबीएस वाहिनीने तासाभराचा कार्यक्रम केला. पाचपैकी तीन जाहिरातदारांनी अंग काढून घेतलं, तरी कार्यक्रम झाला. एका बाजूला पांढऱ्या कोटातला कंपनीचा शास्त्रज्ञ मोठ्या आवाजात बोलत होता आणि दुसऱ्या बाजूला कार्सन शांतपणे एकेक मुद्दा सांगत होत्या. लाखो लोकांनी ते घरी बसून पाहिलं. मे महिन्यात समितीचा अहवाल आला, तो बहुतांशी त्यांच्या बाजूने होता. जूनमध्ये त्यांनी सिनेटच्या समितीसमोर साक्ष दिली. गेलेले केस झाकायला तेव्हा त्या विग घालत होत्या.

१४ एप्रिल १९६४ रोजी त्या गेल्या. वय ५६. पुस्तक येऊन दीड वर्षच झालं होतं. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था १९७० मध्ये निघाली आणि डीडीटीचा बहुतेक वापर १९७२ मध्ये बंद झाला. त्यांना यातलं काहीच पाहता आलं नाही.

मग त्या फॉरवर्डचं काय?

हे सगळं वाचत असतानाच घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. कार्सन यांचा काळा-पांढरा फोटो आणि खाली मजकूर, की या बाईमुळे डीडीटी बंद झालं आणि मलेरियाने कोट्यवधी माणसं मेली. मी चक्रावलो. मग हेही तपासलं.

एक, पुस्तकात कीटकनाशकं पूर्ण बंद करा असं म्हटलेलं नाही. गरजेपुरतं, समजून-उमजून वापरा, आणि काय फवारलं जातंय हे लोकांना कळू द्या, असं म्हटलंय.

दोन, १९७२ ची बंदी अमेरिकेपुरती होती. तिथल्या कारखान्यांना डीडीटी बनवून बाहेर विकायला मोकळीक होती.

तीन, आपल्याच देशाचं उदाहरण घ्या. १९५३ मध्ये डीडीटीवर आधारलेली मलेरिया मोहीम सुरू झाली. वर्षाला साडेसात कोटी रुग्ण होते असा अंदाज होता, ते १९६५ पर्यंत एक लाखावर आले. हे यश खरं आहे आणि मोठं आहे. पण १९७६ मध्ये रुग्ण पुन्हा ६४ लाखांवर गेले, आणि तेव्हा भारतात डीडीटीवर बंदी नव्हतीच! मोहीम सैल पडली होती आणि डासांना औषधाची सवय झाली होती. शेतात सरसकट फवारल्याने डास औषधाला दाद देत नाहीत, हा इशारा कार्सन यांनी पुस्तकातच दिला होता. म्हणजे मलेरियासाठी डीडीटी टिकवायचं असेल तर ते पिकांवर मारणं थांबवायला हवं होतं.

भारतात शेतीतला डीडीटीचा वापर १९८९ मध्ये बंद झाला, रोगवाहक कीटकांसाठी मात्र परवानगी राहिली. ते बनवणाऱ्या सरकारी कंपनीचा एक कारखाना आपल्या रायगड जिल्ह्यात रसायनीला होता. जागतिक आरोग्य संघटनेनेही २००६ मध्ये घराच्या भिंतींवर डीडीटी मारायला पाठिंबा दिला. त्यामुळे फॉरवर्ड खोटा आहे, असं मी ग्रुपवर लिहिलं.

पण एक गोष्ट टीकाकारांची बरोबर आहे. डीडीटीने किती जीव वाचवले यावर पुस्तकात फार कमी लिहिलंय. कीटकनाशकाचं कौतुक करायला तेव्हा सगळा देश होता, म्हणून त्यांनी दुसरी बाजू मांडली, हे समजू शकतं. तरी वाचताना ते लक्षात ठेवायला हवं.

वडिलांना दिलेलं उत्तर

मी वडिलांना फोन करून क्लिअर लेकचे आकडे सांगितले. आजची बहुतेक औषधं डीडीटीसारखी वर्षानुवर्षं टिकत नाहीत, हेही सांगितलं. पण कमी टिकतं म्हणजे कमी विषारी असं नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. ते वडिलांना सांगायची गरज नव्हती.

मग मी माझा ड्रोनचा लेख पुन्हा उघडला आणि त्यात तीन गोष्टी घातल्या. ड्रोनमध्ये एकराला पाणी फार कमी लागतं, म्हणून द्रावण पंपापेक्षा खूप दाट असतं. वारा असेल तर ते शेजारच्या शेतात, विहिरीत, गोठ्यावर जाऊ शकतं. आणि तिसरी गोष्ट तुम्ही आजच मोबाईलवर करून बघू शकता. घरात औषधाची बाटली असेल तर लेबलचा फोटो काढून झूम करा. त्यावर चौकोनात रंगीत त्रिकोण दिसेल. लाल म्हणजे अतिशय विषारी, पिवळा म्हणजे जास्त विषारी, निळा म्हणजे मध्यम, हिरवा म्हणजे त्या मानाने कमी. घरात जो फवारणी करतो त्याला तो रंग दाखवा, आणि रिकामा डबा घरात कशालाही वापरू नका.

आमच्या घरी निघाला पिवळा. वडील इतकी वर्षं ती बाटली आणतात, पण त्या त्रिकोणाचा अर्थ त्यांना कुणी सांगितला नव्हता. मीही नाही.